क्लच पेडल खाली बसतंय, ब्रेक ऑइल कमी होतंय, पण गाडीखाली एक थेंब नाही

रविवारचा_फिटर, नाशिक
मंडळी मदत करा. गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १० हजार किमी झालीये, क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा. मागच्या रविवारी मुंबईहून येताना घोटीच्या टोलला पहिला गिअरच पडेना, पेडल दाबलं तर लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं आणि तिथंच बसलं, शेवटी बुटाच्या टोकानं वर उचललं. चारपाच वेळा पंप केलं की जरा जीव येतो मग गिअर पडतो. इंजिन बंद असताना सगळे गिअर मस्त पडतात. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइलची डबी मिनच्या खाली. भरलं, चार दिवसात परत तेच. रात्रभर खाली पुठ्ठा टाकून ठेवला, सकाळी कोरडा ठणठणीत. गॅरेजवाला न बघताच म्हणतो आतला स्लेव्ह (गिअरबॉक्सच्या बाजूला क्लच ढकलणारा सिलिंडर) गेलाय, गिअरबॉक्स उतरवा आणि आता उतरवतोच आहोत तर क्लचप्लेट पण टाकून घ्या. आकडा ऐकून घाम फुटला. जॅक, दोन स्टँड, पाने आहेत घरी. सुरुवात कुठून करू?

डिझेलभाऊ
म्हणून सांगत असतो केबलवाली गाडी बरी 😀 आमच्या मारुती ८०० ची केबल मी भर पावसात रस्त्यावर बदललीये. बाकी जाणकार सांगतीलच.

काळे_हात
दादा अजून गाडीखाली शिरूच नका. आधी ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचला. क्लचचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा, पेडलच्या मागेच असतो, त्याचं मागचं रबर गेलं की ऑइल बाहेर न पडता दांडीवरून पेडलवर आणि तिथून कार्पेटमध्ये जातं, खालचा फोम सगळं पिऊन टाकतो, मग पुठ्ठ्यावर काय दिसणार डोंबल. टॉर्च घेऊन डोकं पेडलपाशी घाला आणि दांडी जिथं मास्टरमध्ये शिरते तिथं रबरी बूट असतो त्याच्या खालून पांढरा टिश्यू फिरवा. ओला आला की झालं निदान.

तिथं कोरडं असेल तर मग पाइपाच्या मागे मागे जा, प्रत्येक जॉइंट, रबरी होज जिथं वाकते ती जागा, आणि शेवटी स्लेव्ह. स्लेव्ह बाहेर असेल तर त्याचा बूट जरा सरकवून बघा. तुमच्यासारखा आत बेअरिंगसोबत असेल तर गळती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या बेल हाउसिंगच्या तळाशी येते. पण तिथं इंजिनच्या मागच्या सीलचं ऑइल पण येतं म्हणून दिसलं की लगेच स्लेव्हला शिव्या देऊ नका, थेंब वाटीभर पाण्यात टाका. इंजिन ऑइल तरंगतं, ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं, नावच ऑइल आहे त्याचं. गिअर ऑइल तर वासावरूनच कळतं, नाक मुरडतंच.

आणि एवढं ऑइल चार दिवसात गेलं म्हणजे ते कुठंतरी आहेच, गिअरबॉक्स उतरवायच्या आधी ते सापडलं पाहिजे.

घाटवाट
काळे_हात काकांचं बरोबर, पण एक राहिलं. बऱ्याच गाड्यांना ब्रेक आणि क्लचची डबी एकच असते आणि क्लचची नळी डबीला वरच्या बाजूला लावलेली असते, म्हणजे क्लच रिकामा झाला तरी ब्रेकपुरतं शिल्लक राहतं. लेव्हल त्या नळीच्याही खाली जात असेल तर गळती ब्रेकची आहे, चारी चाकं आतून बघा आणि तोवर गाडी काढू नका. उलट डबी जिथल्या तिथं आहे आणि तरी दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातंय, तर मास्टर आतल्या आत बायपास मारतोय, म्हणजे आतल्या रबरावरून ऑइल मागे सरकतंय, तिथं बाहेर काहीच ओलं दिसत नाही. तुमची केस ती नाही.

रविवारचा_फिटर, नाशिक
काका 🙏🙏 मॅट उचलली तर खाली चिखल. मी आठवडाभर समजत होतो पावसात बूट ओले असतात त्याचं पाणी आहे! पण पाणी वाळतं, हे वाळतच नाही, बोटाला बुळबुळीत आणि पिवळसर. टिश्यू फिरवला, चिंब. आता नुसतं रबरकिट टाकू का पूर्ण मास्टर? मेहुणा म्हणतो किट.

काळे_हात
मेहुण्याला चहा पाजा आणि मास्टर पूर्ण घ्या. आत बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे असतील तर नवं रबर दोन महिन्यात खाऊन टाकतं, आणि पेडलखाली उलटं झोपून ते काम एकदाच करावं. ऑइल डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच, डॉट ३ किंवा ४. चुकूनही इंजिन ऑइल नको, सगळी रबरं फुगतील. हवा काढायला दुसरा माणूस लागेल, निपलला (हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं. त्यानं पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल उघडून बंद करायचा आणि मगच त्यानं पेडल सोडायचं, उलटं झालं की हवा परत आत. डबी रिकामी होऊ देऊ नका. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

रविवारचा_फिटर, नाशिक
झालं! चार तास गेले, त्यातला दीड तास एका क्लिपनं खाल्ला. पेडल मेहुण्यानंच दाबलं. पाच दिवस झाले, लेव्हल हलली नाही, रिव्हर्स पण आवाज न करता पडतो. फक्त कार्पेटखालचा फोम अजून ओला आहे, दोनदा धुतला तरी वास जात नाही, घरी विचारतायत गाडीतून मासे आणले होते का.