नवजात लेकराच्या पेशी आणि दीड लाखाचा बागुलबुवा

गोदाकाठ : परवा इथं एका भाऊंनी टाकलं, "नवजात बाळाच्या पेशी (म्हणजे प्लेटलेट, रक्त गोठवणाऱ्या) दीड लाखाखाली आल्या की जिल्ह्याला थांबू नका, सरळ संभाजीनगर गाठा." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

भाचीचं लेकरू दुसऱ्या दिवसाचं. आकडा १ लाख ३२ हजार. कागदावर खाली जाणारा बाण, शेजारी छापलेलं '१.५ ते ४.५ लाख'. अहो, हे माप थोरल्या माणसाचं! लेकरू दणकून दूध ओढत होतं. तरी गंगाखेडहून संभाजीनगरला रात्रीची जीप केली. भाची ओल्या टाक्यांनी मागं बसलेली, दर खड्ड्याला माझा दंड आवळायची. तिथं टाच न पिळता शिरेतून रक्त घेतलं तर १ लाख ९० हजार!

अमेरिकेत युटामधल्या दवाखान्यांनी ४७ हजार बाळांचे आकडे मांडून २००९ साली छापलं. खालची हद्द साधारण १ लाख २३ हजार, फार आधी जन्मलेल्यांची १ लाख ४ हजार. मग दीड लाखाला घाबरायचं कशाला?

मांजरा_तीर : युटाचं आम्हाला काय सांगायलाव? ती ४७ हजार सगळी निरोगी होती का? धडधाकट बाळाला उगाच सुई कोण टोचतं? पुतण्याचे आदल्या दिवशी १ लाख ४० हजार, दुसऱ्या दिवशी ६० हजार. जंतुसंसर्ग. लातूरला पळवला म्हणून आज अंगणात खेळायलाय. तुमचं वाचून कुणी घरी थांबलं तर जिम्मेदार कोण?

लॅबवाला_परभणी : दोघंही जरा थांबा. टाच पिळून रक्त काढलं की त्यात गुठळ्या होतात, प्लेटलेट चिकटतात, मशीन त्यांना मोजतच नाही. काच करून मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. आणि हात जोडतो, प्लेटलेटना 'पांढऱ्या पेशी' म्हणू नका! त्या वेगळ्या. रोज दहा जणांना सांगतो.

येसर_आमटी : आत्यानं बाळंतिणीला पपईच्या पानाचा रस दिला होता, दुधातून उतरतो म्हणे.

लॅबवाला_परभणी : झालं! आली पपई.

येसर_आमटी : हसायला काय झालं? डेंगूत माझ्या नवऱ्याच्या २० हजारावरून लाखावर गेल्या.

गोदाकाठ : ताप उतरून दोनेक दिवस गेले की डेंगूत त्या आपोआप चढतात, ताई. झाड फुकट श्रेय घेतंय.

हुरडा_वाला : आमच्याकडं किवी चालतं. साथीत एकेक फळ पन्नासला. शेळीचं दूध तर मिळतच नाही.

येसर_आमटी : आमच्या आत्या खोटं बोलतात का मग? स्पष्ट बोला.

मांजरा_तीर : पपई सोडा हो. गोदाकाठ, माझं उत्तर द्या.

गोदाकाठ : देतो. निरोगी बाळांचा मुद्दा खरा, तिथं मी घसरलो. शिवाय ती हद्द म्हणजे शंभरातली पाच बाळं तिच्याही खाली. पण तुमचा पुतण्या सुस्त होता ना? दूध सोडलं होतं ना?

मांजरा_तीर : …होतं. अंग गार पडलं होतं.

गोदाकाठ : मग तुम्ही लेकरू बघून पळालात, आकडा बघून नाही. शंका आली तर दाखवायचंच, पण आधी शिरेतून पुन्हा तपासायला सांगा. आणि 'पेशी भरा' म्हणून डॉक्टरच्या मागं लागू नका. २०१९ साली ६६० अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरची चाचणी आली : ५० हजाराखाली जाताच भरलेल्यांत मृत्यू आणि मोठा रक्तस्राव जास्त, २५ हजारापर्यंत थांबलेल्यांत कमी.

मांजरा_तीर : बरं बाबा, तुम्हीच मोठे डॉक्टर. जीप मात्र मी तरी करणारच.

हुरडा_वाला : शेळी कुणाकडं आहे का सेलूच्या आसपास?