नॉर्वेत कानबाई बसवायचीय, आणि मंदिरवाले फॉर्म भरायला सांगताय, भरावा का?

शहादेकर
रामराम मंडळी. माझा मोठा भाऊ ओस्लोला असतो, वहिनी आणि दोन पोरं. आई उन्हाळ्यापासून तिकडेच आहे आणि तिने धरून ठेवलंय की नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई (आपल्या खान्देशातली घरात बसवायची देवी) तिथेच बसवायची. भाऊबंदांचे रोट (कानबाईचा नैवेद्य) गावाला होतीलच, पण घरची कानबाई चुकली तर तिला चैन पडणार नाही. आता सूर्य तिकडे ऑगस्टमध्ये रात्री साडेनऊला मावळतो, मग आरती कधी करायची, सोमवारी विसर्जन कुठे करायचं, शेजारी तक्रार करतील का वगैरे प्रश्न आहेत. दुसरं म्हणजे भाऊ तिथल्या मंदिरात गेला तर त्यांनी सभासदाचा फॉर्म दिला आणि त्यात सरकारी ओळख नंबर मागितला. भाऊ घाबरला, म्हणे देवाला नंबर कशाला पाहिजे. कोणाला माहिती आहे का?

चोपड्याचा_ओस्लोत
भो, घाबरायचं काही कारण नाही, मी पण भरलाय. इकडे सिस्टीम अशी आहे की सरकार चर्चला पैसा देतं, म्हणून बाकीच्या नोंदणी झालेल्या धर्मसंस्थांनाही सभासद मोजून माणशी अनुदान देतं. नवीन कायदा २०२१ पासून लागू आहे, त्यात अनुदानाला किमान ५० सभासद लागतात. आणि एकच माणूस दोन ठिकाणी मोजला जाऊ नये म्हणून तो नंबर. व्हिसाशी याचा काही संबंध नाही. नको वाटलं तर नाव काढता येतं, आणि पोरं १५ वर्षांची झाली की कुठे राहायचं, राहायचं की नाही, ते स्वतः ठरवतात, आईबापाला विचारत नाहीत. (हे ऐकून माझी बायको गप्प झाली होती.)

सगळ्या देशात सभासद म्हणून नोंदलेले हिंदू दहा-पंधरा हजारांच्या आसपास असतील, लोकसंख्या पंचावन्न लाख. त्यामुळे मंदिराच्या भाड्याला, पुजाऱ्याच्या पगाराला हा पैसा फार मोठा आधार असतो. आपण फुकट दर्शन घेऊन प्रसाद खाऊन येतो आणि फॉर्म भरायला कुरकुर करतो, हे मला तरी बरोबर वाटत नाही.

जळगाव_केळीवाला
मला नाही पटत. धर्म हा घरातला विषय, तो सरकारच्या यादीत कशाला? आज अनुदानासाठी यादी आहे, उद्या कोण कशासाठी वापरेल काय सांगता येतं. आपल्याकडे गावात देवळाला वर्गणी काढतात, ज्याला द्यायची तो देतो, बस.

चोपड्याचा_ओस्लोत
केळीवाले भाऊ, वर्गणी काढायला गाव तर पाहिजे ना! इकडे मंदिरं उभी केली ती बरीचशी श्रीलंकेच्या तमिळ लोकांनी. श्रीलंकेत १९८३ ला तमिळांविरुद्ध दंगल झाली त्यानंतर आले बिचारे, त्याच्या आधीपासूनही काही होते, कित्येक जण पार उत्तरेला फिनमार्कमध्ये मासळीच्या कारखान्यांत राबले, थंडीत मासे साफ करून पैसा साठवला. ओस्लोत आमेरुडला त्यांचं मुरुगनचं (म्हणजे आपला कार्तिकेय) मंदिर आहे, मेट्रोने जाता येतं. पूजा तमिळ पद्धतीची, पुरुष शर्ट काढून आत जातात, सुरुवातीला आपल्याला अवघडल्यासारखं होतं. उत्तर हिंदुस्तानी पद्धत पाहिजे तर शहराबाहेर स्लेम्मेस्टाडला सनातन मंदिर आहे. पण कानबाई यातल्या कोणालाच माहीत नाही, ती घरीच करावी लागेल.

अमळनेरची_मावशी
बेटा शहादेकर, आईला सांग सूर्याकडे पाहत बसू नको, नाहीतर पोरं उपाशी झोपतील. मी लेकीकडे होते तेव्हा संध्याकाळी सात वाजता पडदे ओढून आरती केली, कानबाई काही रागावली नाही. चौरंगावर साडी नेसवून नारळ मांडला, दागिने घातले, अहिराणी गाणी मोबाईलवर लावली कारण म्हणणाऱ्या दोघीच आणि त्यातली एक जावईबापूंची आई, तिला येतच नव्हती. धूप मात्र जपून. तिकडे प्रत्येक घराला छताला धुराचं यंत्र असतं, ते बोंबललं की सगळी बिल्डिंग जागी. मी तुपाचा दिवा लावला आणि उदबत्ती बाल्कनीत. विसर्जनाला नदीत काही टाकू नका, बादलीत नारळ बुडवून काढा आणि पाणी कुंडीत घाला. रोट भाऊबंदांतच खायचे म्हणतात, तिकडे तुमचे चारच तोंडं आणि आई, म्हणून पीठ बेताचंच मळा.

तापीकाठ
एक बोलू का, राग मानू नका. म्हातारं माणूस तिकडे असेल तर मरणाचं पण विचारून ठेवा. माझ्या मित्राचे वडील तिकडे वारले तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं. नॉर्वेत मृत्यूनंतर दहा कामाच्या दिवसांत दहन किंवा दफन करायचं असतं, म्हणजे आपल्यासारखं त्याच दिवशी होत नाही. आणि राख सोडायची तर आधी परवानगी काढावी लागते, ती पण खुल्या समुद्रात किंवा उंच डोंगरावर, कुठल्याही तळ्यात नाही.

अमळनेरची_मावशी
अरे, कानबाईच्या धाग्यात हे काय! पोराने सणाचं विचारलं आणि तू स्मशानात नेलं. माहिती खरी असेल, पण वेळ पाहत जा रे भो.

तापीकाठ
चुकलं मावशी. 🙏

शहादेकर
मावशी, खूप आभार, आईला तुमचं सगळं वाचून दाखवलं, पडद्याची आयडिया तिला पटली. चोपड्याचे दादा, भावाने फॉर्म भरायचं ठरवलंय पण फक्त स्वतःचा, वहिनी म्हणते आधी पोरांचं बघू. आता एकच अडचण उरली. ओस्लोतल्या ग्रोनलँड भागातल्या दुकानांत नारळ मिळतो पण सगळे सोललेले, शेंडीचा एकही नाही. आमेरुडच्या मंदिराकडे मागितला तर देतील का, की आधी फॉर्म भरून जावं?