सर्व्हरचं रेड (RAID) कार्ड घरच्या पीसीत लावलं की स्क्रीन काळीच, काय करू?

मन्या_लालबाग
मंडळी जरा अडकलोय. आमच्या मंडळाचे गेल्या आठ-नऊ वर्षांचे व्हिडिओ, आगमन आरती विसर्जन सगळंच, माझ्याकडे पाच-सहा हार्डडिस्कवर विखुरलेत, म्हणून म्हटलं ४ टीबीच्या ४ डिस्क एकत्र लावून रेड ५ करून टाकू, म्हणजे सगळ्या मिळून एकच मोठी डिस्क आणि त्यातली एक गेली तरी डेटा शाबूत. लॅमिंग्टन रोडवरून जुन्या सर्व्हरमधून काढलेलं डेल पर्क एच३१० कार्ड आणलं, घरी चौथ्या जनरेशनचा आय५ आहे त्यात लावलं. आता बटण दाबलं की पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, बीप नाही, काहीच नाही. कार्ड काढलं की पीसी एकदम ठणठणीत. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो "आमच्याकडे चालत होतं." कार्ड मेलंय का?

भांडुपचा_जोश्या
आधी बायोसमध्ये प्रायमरी डिस्प्ले ऑनबोर्डवर कर. काही बोर्डांना मोठ्या स्लॉटमध्ये काहीही दिसलं की ते ग्राफिक्स कार्डच वाटतं. दुसरा स्लॉट पण ट्राय कर.

मन्या_लालबाग
दोन्ही केलं दादा. तीच बोंब.

रॅकरूम
कार्ड मेलेलं नसणार, पैज लावायची तर लावतो. ही कार्डं सर्व्हर बोर्डासाठी बनवलेली, त्यात एसएमबस नावाच्या दोन बारीक लाइन असतात ज्यावरून सर्व्हर कार्डाशी बोलतो. आता डेस्कटॉप बोर्ड सुरू होताना रॅमची माहिती पण एसएमबसवरूनच वाचतो, तिथे हे कार्ड मध्येच तोंड घालतं, बोर्डाला रॅम सापडत नाही आणि तो तिथेच बसून राहतो. म्हणून काळी स्क्रीन.

उपाय म्हणजे त्या दोन पिना झाकायच्या, बी५ आणि बी६. कार्डाची चिप आणि हीटसिंक असलेली बाजू वर ठेव, पत्र्याच्या ब्रॅकेटकडून सोनेरी पट्ट्या मोजत ये, पाचवी आणि सहावी. खाचेच्या अलीकडे त्या बाजूला ११ पट्ट्या असतात, तेवढ्या मोजून झाल्या तर बरोबर मोजतोयस. पट्ट्या साधारण १ मिमी अंतराने आहेत म्हणजे टेपचा तुकडा जेमतेम २ मिमी रुंद. मोबाइल रिपेअरवाले वापरतात ती पिवळी, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप घे, साधी सेलोटेप नको, गरम झाली की तिचा गोंद स्लॉटमध्ये उतरतो. चवथी झाकली गेली तर फार बिघडत नाही, ती ग्राउंडची आहे, पण तिसरी १२ व्होल्टची आहे तिच्यावर जाऊ नकोस. आणि कार्ड आत घालताना सरळ दाब, तिरकं घातलंस तर टेप सरकते.

मन्या_लालबाग
भाऊ पाया पडतो तुमच्या!! गल्लीतल्या मोबाइलवाल्याने टेप फुकट दिली, बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने चिकटवली, तिसऱ्या प्रयत्नात नीट बसली. पीसी सुरू झाला. पण कार्डाचा मेनू उघडायला कंट्रोल आर दाबा असं काही येतच नाही, सरळ विंडोज.

रॅकरूम
बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) चालू कर, आणि स्टोरेज ऑप्शन रॉम असं काही असेल तर ते लीगसीवर. जुन्या कार्डाचा मेनू त्याशिवाय दिसत नाही.

सुलभा_सर्व्हरवाली
मेनू दिसला तरी रेड ५ करायची घाई नको हं. एच३१० वर स्वतःची कॅश मेमरी नाही, रेड ५ वर लिहिताना हे कार्ड रडतं, मी ऑफिसात बघितलंय. शिवाय साध्या डेस्कटॉप डिस्क असतील तर अजून एक त्रास, खराब सेक्टर आला की डिस्क बराच वेळ तिथेच झगडत बसते आणि कंट्रोलरला वाटतं डिस्क गेली, देतो बाहेर काढून. नासच्या (नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीसाठी बनवलेल्या) डिस्क ६-७ सेकंदात नाद सोडतात म्हणून त्यांचं जमतं.

मी असते तर कार्डाला आयटी मोडचं फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) टाकलं असतं. आत एलएसआय कंपनीचीच एसएएस२००८ चिप आहे, त्यांच्याच ९२११-८आय कार्डाचं फर्मवेअर घेते. मग कार्ड फक्त डिस्क दाखवायचं काम करतं आणि रेड लिनक्समध्ये. उद्या कार्ड उडालं तरी डिस्क दुसऱ्या कुठल्याही लिनक्स पीसीला लावल्या की डेटा समोर. फक्त जुनं फर्मवेअर पुसल्यापासून नवीन जाईपर्यंत पीसी बंद होता कामा नये, यूपीएसवर कर, आणि पुसायच्या आधी कार्डावरच्या स्टिकरवरचा एसएएस अॅड्रेस (कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर) लिहून ठेव, तो नंतर परत द्यावा लागतो.

भांडुपचा_जोश्या
एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा बोर्डावरच सहा साटा पोर्ट असतील की 😄

मन्या_लालबाग
चारच आहेत हो, दोन भरलेले. असतील तर कशाला मरायला गेलो असतो.

बरं, सुलभाताईंनी सांगितलं तसं आयटी मोड केला, काल रात्री दीड वाजले. कार्ड दिसतंय पण एकही डिस्क दिसत नाही. केबल नवीन आहे, एका टोकाला मोठा चौकोनी कनेक्टर, दुसरीकडे चार साटा.

रॅकरूम
केबल रिव्हर्स दिली असेल तुला. फॉरवर्ड आणि रिव्हर्स ब्रेकआउट दिसायला डिट्टो सारख्या, आतली वायरिंग वेगळी. कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्डच लागते. बदलून आण. आणि हीटसिंकला हात लावून बघ, सर्व्हरमध्ये त्यावर सतत वारा असतो, तुझ्या कॅबिनेटमध्ये नसणार.

मन्या_लालबाग
हात लावला, लगेच काढला. जुन्या कॅबिनेटचा ८० मिमीचा फॅन झिप टायने समोर बांधलाय, आता बोट ठेवता येतं. केबलच्या पाकिटावर खरंच बारीक अक्षरात रिव्हर्स लिहिलंय. उद्या रविवार, तिकडे शुकशुकाट, म्हणजे सोमवारी हाफ डे टाकून जावं लागणार.