पत्नी चिअरलीडिंग कोच होती. झटक्यानंतर उजवी बाजू आणि बोलणं गेलंय. घरची घडी कशी बसवावी?

खळ्यातला

नमस्कार मंडळी. पत्नी वय 44, मुंबईत शाळा-कॉलेजच्या संघांना जिम्नॅस्टिक्स आणि चिअरलीडिंग शिकवायची. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळीचा झटका, चार महिने झाले. उजवा हात अजून लुळा, बोटं आत वळायला लागलीत. पाय उचलते पण पाऊल लोंबतं. चार पायांची काठी घेऊन घरात चालते. सांगितलेलं बहुतेक कळतं, शब्द येत नाहीत. आकडे मात्र फटाफट म्हणते, आरतीही पूर्ण म्हणते.

आता देवगडजवळ मूळ घरी आलोय. चिऱ्याचं जुनं घर, तीन उंबरठे, न्हाणी मागच्या दारी. आई आहे, मुलगी 14 आणि मुलगा 9 वर्षांचा. फिजिओकडे आठवड्यातून एकदाच जाणं होतं.

विचारायचं ते असं. कोचचा स्वभाव, त्यामुळे दिवसभर एकटीच व्यायाम करत राहते आणि संध्याकाळी गळून जाते. आई तिला काखेत हात घालून उठवते. पेज पिताना ठसका लागतो. मुलं बिचकून लांब राहतात. चतुर्थीला घर भरणार, त्याआधी काय काय करून घ्यावं?

फिजिओ_कणकवली

दादा, आधी काखेतलं उठवणं आजपासून बंद. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंच्या जोरावर जागेवर नसतो, नुसता लोंबकळत असतो. काखेतून किंवा दंड धरून ओढलं की सांधा खाली सरकतो आणि महिनोन् महिने टिकणारं दुखणं मागे लागतं. वहिनींचे सांधे आधीच लवचिक असणार, म्हणजे धोका जास्तच. कमरेला चार इंच रुंद सुती पट्टा बांधा आणि धरायचं ते पट्ट्याला. उठण्याआधी ढुंगण खुर्चीच्या कडेला, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं वाकणं, मग उठणं. आईंनी उजव्या गुडघ्यासमोर आपला गुडघा टेकवून तो मुडपू द्यायचा नाही. पलंगावरून खुर्चीत जाताना खुर्ची डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, थोडी तिरकी.

बसल्यावर उजवा हात मांडीवरून लोंबता नको, उशीवर ठेवा. दारात दोरी-कप्पी टांगून हात वर ओढायचा व्यायाम कुणी सुचवला असेल तर तोही नको, त्याने खांदा बिघडतो. रबरी चेंडू दाबायला प्रत्येक पाहुणा सांगून जातो. बोटं आत वळत असताना चेंडू ती मूठच पक्की करतो. उलट मनगट आणि बोटं हळूहळू उघडून 30 सेकंद धरा, दिवसातून चार-पाच वेळा, आणि रात्री हाताची पट्टी. घट्टपणा वाढतच राहिला तर गोळी किंवा बोट्युलिनम इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता व्यायामाच्या अतिरेकाबद्दल. मेंदूला पुनरावृत्ती हवी हे खरं, पण दमल्यावर केलेली पुनरावृत्ती चुकीची ढब पक्की करते. वहिनी दमल्या की कंबर उचलून पाय गोल फिरवत पुढे टाकत असतील, बघा. ही ढब मुरली की सोडवायला फार जड जाते. खेळाडूंच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण त्यांना थांबणं म्हणजे हरणं वाटतं. म्हणून त्यांच्याच भाषेत बांधा: आठ काउंटची चार आवर्तनं, मग दोन मिनिटं बसणं. सकाळी दहाच्या आत एक फेरी, उन्हं उतरल्यावर दुसरी, मधे दुपारची झोप. झटक्यानंतरचा थकवा हा मेंदूचा थकवा असतो, जिद्दीने जात नाही. ‘बोलता येतंय तोवर चाला’ ही नेहमीची कसोटी इथे चालणार नाही. त्याऐवजी किती दमलं ते कागदावर लिहिलेल्या शून्य ते दहा आकड्यांवर डाव्या हाताने दाखवायला सांगा. चार-पाचच्या वर गेलं की थांबायचं. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला नसेल तर रक्तदाब 180/110 च्या वर असताना व्यायाम करायचाच नाही.

आणि आकडे येतात ना, मग त्यांचा उपयोग चालण्यात करा. ठेक्यावर चालण्याने पावलं सारखी पडायला चांगली मदत होते. वहिनी सहज चालतात तेव्हा एका मिनिटात किती पावलं पडतात ते मोजा. समजा 48 आली, तर मोबाइलवरचा मेट्रोनोम (टक-टक ठेका देणारं ॲप) 48 वर लावा आणि ‘फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट’ त्यांनाच म्हणू द्या. पावलं ठोक्यावर पडायला लागली की ठेका पाच ते दहा टक्क्यांनी वाढवा, त्याहून जास्त नाही. मोजणी त्या करतात, चालतातही त्याच. मोठ्या मुलीने फक्त स्पॉटर, म्हणजे तोल गेला तर सावरणारी, व्हायचं. स्पॉटर कुठे उभा राहतो हे त्या घरात सगळ्यांत जास्त वहिनींनाच ठाऊक आहे, त्यांना हाताने दाखवू द्या: उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे, एक हात पट्ट्यावर. तोल गेला तर ओढून उभं करायचं नाही, आपल्या अंगाशी घेत हळूच खाली बसवायचं. नऊ वर्षांच्या मुलाला वजन पेलायचं काम देऊ नका. त्याच्याकडे मेट्रोनोम आणि वही.

लोंबत्या पावलासाठी एएफओ पट्टी (घोटा आणि पाऊल वर धरून ठेवणारी प्लास्टिकची पट्टी) घेतली नसेल तर घ्या. आपल्याकडे घरात चप्पल घालत नाहीत आणि नुसती प्लास्टिकची पट्टी घालून फरशीवर चाललं की ती सटकते. घरासाठी वेगळा, मागे पट्टा असलेला फ्लोटर ठेवा, उजव्या पायाचा एक नंबर मोठा. आत सुती मोजा. काढल्यावर त्वचेवरचा लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही तर पट्टी तिथे दाबतेय, घासून घ्या. पावसाळ्यात रोज बोटांच्या बेचक्या कोरड्या करा.

वाचा_आणि_घास

ठसका हलक्यावर घेऊ नका. पेज हा झटक्याच्या रुग्णासाठी सगळ्यांत फसवा पदार्थ आहे: वर पातळ निवळ, खाली शितं. तोंडाला एकाच घासात दोन पोत सांभाळावे लागतात; शितं चावेपर्यंत निवळ श्वासनलिकेकडे पोचते. पेज घोटून, गाळून एकसारखी घट्ट करा, किंवा नाचणीचं सत्त्व चमच्यावरून ओघळण्याऐवजी गोळ्याने पडेल इतकं शिजवा. सोलकढी, ताक, चहा यांचंही तेच; किती घट्ट करायचं ते गिळण्याची तपासणी करून ठरवून घ्या. मासे द्या, पण पेडवे-तारली नकोत, सुरमईचा मधला तुकडा काटे काढून. ताठ बसवून, हनुवटी वर न करता, लहान घास, डाव्या गालाकडून. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही आणि उजव्या गालात घास साठलाय का ते रोज बोटाने बघायचं. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा ठसका नसतानाही वारंवार ताप येत असेल तर अन्न छातीत जातंय असं समजून लगेच दाखवा. सुकी मासळी, खारातली कैरी, पापड यांतलं मीठ रक्तदाब चढवतं. साधारण 130/80 च्या खाली राहायचं तर ते सणापुरतंच.

बोलण्याबद्दल. आरती येते आणि ‘पाणी’ येत नाही, याचा अर्थ वहिनी मुद्दाम करतात असा नाही. पाठ असलेले आकडे, वार, गाणी वेगळ्या वाटेने येतात. नवं वाक्य जुळवायची वाट बंद पडली आहे. चालू वाटेचा उपयोग असा करा: ‘पाणी दे’ हे तीन ठोक्यांत, ‘पा’ आणि ‘दे’ चढ्या सुरात. समोरासमोर बसा, त्यांचा डावा हात हातात घेऊन दर अक्षराला टेबलावर एक ठोका. आधी नुसतं गुणगुणणं, मग दोघांनी मिळून म्हणणं, मग अर्ध्यावर तुम्ही गप्प व्हायचं. चार-पाचच वाक्यं निवडा, रोज लागणारी. मालवणीत आलं तरी चालेल, इंग्रजीत आलं तरी चालेल, सुधारू नका.

एका वेळी एक प्रश्न, टीव्ही बंद, आणि विचारल्यावर मनात दहा मोजा. शब्द पुरा करून देण्याची घाई सगळ्यांनाच होते, मुलांनाही सांगा. ‘हो-नाही’ सुद्धा उलटसुलट होतं, म्हणून अंगठा वर-खाली करून पक्कं करून घ्या. वहीत घरातल्याच वस्तूंचे फोटो चिकटवा: औषधाचा डबा, न्हाणी, चष्मा, ‘दुखतंय’, ‘आता नको’, मुलांचे चेहरे. बाजारातल्या चित्रांपेक्षा हे लवकर लागू पडतं.

मुलं बिचकतात त्यामागे अनेकदा अचानक येणारं रडणं असतं. काही सेकंदांत येऊन जाणारं, विषय बदलला की थांबणारं रडणं किंवा हसणं हा मेंदूच्या इजेचा भाग आहे. मुलांना तसं स्पष्ट सांगा, ‘आई तुझ्यामुळे रडत नाहीये’. पण दोन आठवडे जेवण, झोप, व्यायाम सगळ्यांतून मन उडालं असेल तर ते नैराश्य. झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते होतं आणि त्यावर औषध आहे.

चिरेबंदी

घराचं सांगतो. जुन्या चौकटीचा उंबरठा कापू नका, चौकट खिळखिळी होते. चार इंची उंबरठा असेल तर दोन्ही बाजूंना दोन इंच जाडीची, किमान फूटभर रुंद फळी पक्की बसवा आणि कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारा. उतार करायचाच तर एकास बारा, म्हणजे चार इंचाला चार फूट. माजघरात तेवढी जागा सहसा नसते.

न्हाणीतला कठडा गंजणारा नको, खाऱ्या हवेत स्टेनलेसच. जाडी बाहेरून 33 ते 38 मिमी, उंची 32 ते 36 इंच. चिऱ्याच्या भिंतीत प्लास्टिकचा गट्टू वजन धरत नाही, चिरा सच्छिद्र असल्याने भोक मोठं होत जातं. आरपार बोल्ट टाकून पलीकडून स्टेनलेसचीच पट्टी द्या. बसायला 18 इंच उंचीची, हात असलेली खुर्ची. पाटावर बसवू नका. बंबातलं पाणी डाव्या हाताने तपासायचं, उजव्या हाताला चटका कळेलच असं नाही. मागच्या दारच्या चिऱ्यांवर पावसात शेवाळ येतं, दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा. चतुर्थीपर्यंत न्हाणी आत घेता आली नाही तर रात्रीसाठी कमोड-खुर्ची आणा.

स्वयंपाकात हात लावायचा असेल तर विळीवर बसवू नका. अर्धा इंच जाड फळीत खालून दोन स्टेनलेस खिळे ठोका, बटाटा-काकडी त्यावर खुपसली की एका हाताने सोलता येते. फळीखाली ओलं फडकं.

कागद_पेन्सिल

दिव्यांग प्रमाणपत्र साधारण सहा महिन्यांनंतर काढा, यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज. 2016 च्या कायद्यात झटक्याने गेलेली वाचाही धरली आहे, नुसता हातपाय दाखवून परत येऊ नका. 40 टक्क्यांपासून बहुतेक सवलती सुरू होतात. आयकराची जुनी पद्धत असेल तर दिव्यांग आश्रितासाठी (1961 च्या कायद्यात कलम 80डीडी) 75,000 रुपयांची वजावट, 80 टक्क्यांपासून पुढे 1,25,000.

आणखी एक. रात्री सीटी स्कॅन चालू असलेलं जवळचं रुग्णालय कुठलं ते आजच फोन करून लिहून ठेवा. पुन्हा तोंड वाकडं झालं, हात पडला, दृष्टी किंवा तोल गेला तर 108. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि आपल्या रस्त्यांवर त्यातला बराच वेळ प्रवासात जातो. लकव्याच्या झाडपाल्यासाठी कुणी रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या थांबवायला सांगितलं तर ऐकू नका.

खळ्यातला

सगळ्यांचे आभार. पट्टा आणि पेज आजच बदलतो. दोन शंका: पडवीच्या चार पायऱ्यांना कठडा कुठल्या बाजूला? आणि चतुर्थीला मुली फुगड्या बसवायला येतील, तिला त्यात घेता येईल का?

फिजिओ_कणकवली

दोन्ही बाजूंना. धरणारा हात डावाच, त्यामुळे चढताना एका बाजूचा लागतो आणि उतरताना दुसऱ्या. चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी उजवा. मदतनीस दोन्ही वेळा खालच्या पायरीवर.

फुगड्यांत जरूर घ्या, पण चाळीस माणसांच्या गलक्यात नाही. सकाळी, चार-पाच मुली, वीस मिनिटं. समोर पाट ठेवून त्यावर चिंचोके मांडायला द्या, कोण कुठे उभं राहणार ते त्या चिंचोके सरकवून दाखवतील. ठेका तोंडाने मोजतील. त्यांनी नाही म्हणून मान हलवली तर मुलींनी पुन्हा पहिल्यापासून करायचं, ‘राहू दे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. मधे आरतीला गर्दी झाली की आतल्या खोलीत अर्धा तास दार लावून पडू द्या, आणि हे आल्यागेल्याला आईंनी सांगायचं.