रिपोर्टमध्ये 'कोरोनाव्हायरस एनएल६३' आलंय, हा कोविडच का?

चिऊची_आई:
मुलगी १४ महिन्यांची आहे. आधी नुसती सर्दी आणि थोडा ताप होता, मग रात्री अचानक कुत्रा भुंकल्यासारखा खोकला सुरू झाला, श्वास आत घेताना घर्र असा आवाज, आम्ही जाम घाबरलो. दवाखान्यात स्टेरॉइडचा एक डोस दिला, नाकातला स्वॅब घेतला. आता बरीच बरी आहे पण रिपोर्टमध्ये ह्यूमन कोरोनाव्हायरस एनएल६३ पॉझिटिव्ह आणि कोविड निगेटिव्ह असं आलंय, हे कसं काय? घरात वयस्कर सासूबाई आहेत. आणि अँटिबायोटिक दिलंच नाहीये, ते मागून घेऊ का?

बाळांचा_डॉक्टर:
ताई, हा कोविड नाही. कोरोनाव्हायरस हे अख्ख्या कुटुंबाचं नाव आहे. त्यातले चार (२२९ई, ओसी४३, एनएल६३, एचकेयू१) नेहमीच्या सर्दी-खोकल्याचे आहेत आणि कोविडच्या आधीपासून सगळीकडे फिरतायत. एनएल६३ तर २००४ मध्ये नेदरलँड्समधल्या सात महिन्यांच्या बाळात सापडला, त्याला ब्रॉन्किओलायटिस (फुफ्फुसातल्या बारीक श्वासनलिकांना सूज) झाला होता. बहुतेक मुलांना लहानपणीच यातले व्हायरस होऊन जातात, पुन्हाही होतात कारण इम्युनिटी फार टिकत नाही.

तुम्ही सांगताय तो खोकला क्रूपचा वाटतो, आणि एनएल६३ चं क्रूपशी नातं चांगलंच माहितीय. स्वरयंत्राजवळ सूज येते, स्टेरॉइड ती सूज उतरवतं, बऱ्याचदा एक डोस पुरतो. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, मागू नका. सासूबाईंना वेगळ्या खोलीत ठेवायची गरज नाही पण हात धुणं आणि बाळाचं नाक पुसलेले टिश्यू लगेच टाकणं एवढं कराच, वयस्कर माणसांना आणि दमा असणाऱ्यांना हाच व्हायरस जड जाऊ शकतो.

दोन_पिल्लं:
आमच्या धाकट्याच्या रिपोर्टमध्ये आरएसव्ही (लहान मुलांत सर्दी-खोकला करणारा दुसरा एक व्हायरस) आणि ओसी४३ दोन्ही एकदम आले होते, डॉक्टर म्हणाले लहान मुलांत असं मिक्स बरेचदा दिसतं आणि आजार संपल्यावरही स्वॅब काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणून पुन्हा टेस्ट करत बसू नका. क्रूप रात्रीच वाढतो, बाळ रडलं की आवाज अजून वाढतो, त्यामुळे कडेवर उभं धरून शांत ठेवायचं. गरम पाण्याची वाफ देऊ नका हो, भाजायची भीती जास्त आणि फायदा काही सिद्ध नाही. कफ सिरपही स्वतःच्या मनाने नको.

चिऊची_आई:
खूप हायसं वाटलं. पण रात्री परत झालं तर कधी पळायचं हे कसं कळणार?

बाळांचा_डॉक्टर:
झोपलेली किंवा शांत असताना पोट-छाती बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. १ ते ५ वर्षांत मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान (२ महिने ते १ वर्ष ५०, त्याहून लहान बाळात ६०), मग त्याच दिवशी दाखवा. पण शांत असतानाही घर्र ऐकू येतंय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, लाळ गळतेय आणि गिळत नाहीये, पाणी-दूध घेत नाहीये, ओठ निळसर दिसतायत किंवा सुस्त पडलीये, यातलं एकही दिसलं तर मोजत बसू नका, रात्री कितीही वाजले असले तरी इमर्जन्सीला न्या. घसा उघडून आत चमचा घालून बघू नका, त्याने श्वास अजून अडकू शकतो. खोकला पुढे काही दिवस रेंगाळेल, ती खेळतेय खातेय तर त्याची काळजी नको.