गावात कासवं येतात, होमस्टे सुरू करायचाय, पण इन्स्टावर टाकायची भीती वाटते. काय करू?

खाडीपल्याडचा
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणारे, सांभाळून घ्या. मी दापोली-गुहागर पट्ट्यातला, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, का ते पुढे कळेलच. छोटं गाव, निम्म्या घरांना कुलूप, ती उघडतात ती गणपती आणि शिमग्याला चाकरमानी आले की. मी पुण्यात सात वर्षं नोकरी केली, लॉकडाऊनला बॅग घेऊन आलो तो इथेच राहिलो, लॅपटॉपवर थोडंफार काम मिळतं, बाकी पोफळी आणि दहाबारा कलमं.

आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आजोबांच्या वेळी लोक अंडी उकरून आणायचे, घरी खायचे, बाजारात विकायचे, त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. आता वनखात्याने नेमलेला कासवमित्र आहे, थंडी पडली की पहाटे फेरी मारतो, माग दिसला की घरटं शोधतो, अंडी काढून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत तसाच खड्डा करून पुरतो, नाहीतर कोल्हे-कुत्रे ठेवत नाहीत. गेल्या सीझनला डझनभर घरटी झाली.

तर झालं असं की गेल्या मार्चमध्ये माझ्याच चुलतभावाने पिल्लं समुद्रात जातानाची रील टाकली, लोकेशनसकट. पोराचा हेतू वाईट नव्हता. पुढच्या शनिवारी मोजून चाळीसच्या वर गाड्या, दोन तर थेट वाळूत घातल्या आणि हेडलाइट चालू ठेवून बसले. एका काकांनी पिल्लू तळहातावर घेऊन नातीसोबत सेल्फी काढला, कासवमित्र ओरडला तर उलट त्यालाच "तू कोण?" रविवारी संध्याकाळी सगळे गेले. गावाला मिळालं काय, तर चहाच्या टपरीवर थोडा गल्ला आणि दोन पोती बाटल्या, ज्या आमच्या आयाबायांनी वेचल्या.

आता गावातली सातआठ घरं म्हणतायत होमस्टे करू, माझी आईपण. मला बुकिंगचं पेज, यूपीआय, गूगल मॅप हे सगळं जमतं म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. पैसा तर हवाय, नाहीतर उरलेली चार पोरंपण मुंबईला जातील. पण मीच पेज काढलं आणि परत तसाच शनिवार आला तर? कुणी असं काही केलंय का, कुठून सुरू करू?

मंडणगडची_काकू
अरे बाळा, आमच्या तालुक्यात वेळासला हे सगळं होऊन गेलंय, तेच बघ आधी. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या लोकांनी तिथे घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ ला पहिला कासव महोत्सव. आता ऐकायला सोपं वाटतं, पण तेव्हा इथे कुणाला पटत नव्हतं की मुंबई-पुण्याची माणसं वेसवीच्या फेरीबोटीतून गाडी उतरवून एवढ्याशा पिल्लासाठी येतील म्हणून. आली. आणि हॉटेल बांधलं नाही कुणी, लोक घराघरात राहिले, पडवीत गाद्या टाकून. कासव जगलं तर पाहुणा येणार हे बायकांच्या लक्षात आलं आणि मग अंडी उकरणं आपोआप गेलं, भाषणं देऊन नाही गेलं. पुढे गावानेच महोत्सव आपल्या हातात घेतला.

तू विचारतोयस कुठून सुरू करू. पेजपासून नको रे. गावकीपासून. आधी देवळात बसा आणि ठरवा की एका दिवशी किती माणूस झेपेल. सात घरं असतील तर दर घरामागे सहा माणसं, म्हणजे बेचाळीस, त्रेचाळिसावा आला तर हात जोडायचे. हे लिहून त्यावर सह्या घे, कारण एप्रिलमध्ये गर्दी वाढली की प्रत्येकाला वाटतं माझ्याकडे अजून दोन मावतील. आमच्याच नात्यात एका घरात बारा माणसं घेतली, संडास एक, आणि विहिरीला त्या महिन्यात पाणी हातभर. पाहुणे तोंड वाकडं करून गेले आणि नाव अख्ख्या वाडीचं खराब.

जेवण साधंच ठेव. आंबोळी, कुळथाची पिठी, सोलकढी, फणसाची भाजी. पनीर विचारतील, नाही म्हणायचं.

सिंहगड_रोड
पर्यटकाच्या बाजूने सांगतो, मी तीनदा गेलोय कासवं बघायला, वेगवेगळ्या किनाऱ्यांवर. पहिल्यांदा दोन दिवस राहून एक पिल्लू दिसलं नाही आणि मी चिडचिड करत परतलो, कारण फोनवर ज्याने बुकिंग घेतलं त्याने "शंभर टक्के दिसणार साहेब" असं सांगितलं होतं. तिसऱ्यांदा गेलो तिथल्या वहिनी फोनवरच म्हणाल्या, हॅचरीतल्या घरट्यावर पालथी घातलेली टोपली सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, खाली पिल्लं असली तर असली, नसली तर समुद्र आहे. तेव्हापण आधी काही दिसलं नाही, पण राग आला नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी सतरा पिल्लं आली. म्हणून गॅरंटी देऊ नका. खोटं बोलून आणलेला माणूस वसूल करायला बघतो आणि मग दोरीच्या पलीकडे घुसतो.

सह्याद्रीचा_बोका
स्पष्ट बोलू? टाकूच नका. मॅपवर जागेची पिन पडली की संपलं. इकोटुरिझम वगैरे शब्द आहेत फक्त, दहा वर्षांनी तिथे एटीव्ही आणि बनाना राइड असणार, लिहून ठेवा.

खाडीपल्याडचा
बोकाभाऊ, भीती तीच आहे म्हणून तर विचारतोय. पण पिन ऑलरेडी पडलीय हो, मी टाकली नाही तरी कुणीतरी टाकलीच, त्या रीलला अजून कमेंट येतायत "भाई लोकेशन". गप्प बसलो तर पाहुणे येणारच, फक्त त्यांचं जेवण चाळीस किलोमीटरवरच्या रिसॉर्टात होणार आणि बाटल्या आमच्याकडे.

अकोल्याचा_गडी
खाडीवाले दादा, बोक्याचं अगदीच उडवून लावू नका. आमच्याकडे भंडारदऱ्याला काजव्यांचं काय झालं ते सांगतो. मे संपता संपता, वळवाचे दोनतीन सपकारे झाले की घाटघर, साम्रद, रतनवाडीकडची हिरडा-बेहड्याची झाडं रात्री अशी लखलखतात की काय सांगू. पूर्वी ते बघायला चारदोन ट्रेकर यायचे. मग महोत्सव, मग रील, आता शनिवारी रात्री धरणाच्या रिंगरोडला गाड्यांची रांग. आणि काजव्याचा सगळा खेळच उजेडाचा, नर लुकलुकतो ते मादीला बोलवायला, तिथे तुम्ही हेडलाइट आणि फ्लॅश मारला तर ते बिचारं कुणाला बोलावणार? शिवाय माद्या आणि अळ्या खाली गवतात-पाचोळ्यात असतात, लोक झाडाच्या बुंध्यापर्यंत फोटोला जातात आणि पायाखाली पुढच्या वर्षीचे काजवे तुडवतात. अभयारण्याचा भाग आहे म्हणून वनविभाग नाक्यावर पावती फाडतो, रात्रीची वेळ ठरवून देतो, तरी दोन शनिवार हाताबाहेर जातातच.

पण आमच्या गावात पोरांनी एक केलं. गाड्या गावाबाहेर खळ्यावर लावायच्या, तिथून गाइडबरोबर चालत, एका गाइडमागे दहा माणसं, मोबाइल खिशात. हे करायला कुठलं ॲप लागलं नाही. चालायला लावलं की निम्मी टवाळ गर्दी आपोआप गळते, हा अनुभव आहे.

आणि पिनचं म्हणाल तर एक आयडिया घ्या, पिन पुळणीवर टाकूच नका. गूगल मॅपवर गावाच्या नावाने पार्किंगची जागा टाका, शाळेचं मैदान म्हणा, देवळाजवळ म्हणा. मॅप जिथे नेतो तिथे गाडी जाते, ड्रायव्हर डोकं चालवत नाही. आणि वाळूत उतरायची वाट असेल तिथे जांभ्याचे चार चिरे आडवे टाका.

साताऱ्याची_पोर
कास पठारचं कुणीच काढलं नाही अजून? २०१२ ला पश्चिम घाटाच्या यादीतून जागतिक वारसा झालं आणि त्याच्यानंतर फुलांच्या सीझनला शनिवार-रविवारी जे व्हायचं ते विचारू नका. मग दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, ऑनलाइन बुकिंग, गाड्या लांब लावून पुढे बस. कारभार आसपासच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीकडे, त्यामुळे पावती फाडणारी, गाइड म्हणून फिरणारी, बस सोडणारी पोरं तिथलीच. ऑनलाइन बुकिंगचा खरा फायदा पैसे घेण्यात नाही, माणूस पुण्याहून निघायच्या आधीच त्याला "आज फुल आहे" कळतं यात आहे. एकदा तो चार तास गाडी चालवून आला की त्याला परत पाठवणं कुणाच्या बापाला जमत नाही.

पण तिथे एक चूकपण झाली ती सांगते. फुलं तुडवू नयेत म्हणून तारेचं कुंपण घातलं, त्याने गुरंही आत जायची बंद झाली. मग अभ्यासक आणि गावकरी दोघं म्हणायला लागले की चराई थांबल्याने गवत माजलं आणि फुलं मागे पडली, शेवटी काही वर्षांनी ते कुंपण काढलं. त्यामुळे तुमच्याकडे कुणी बाहेरचा येऊन "हे बंद करा ते बंद करा" म्हणाला तर आधी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा की ते कशासाठी चालू होतं.

वेंगुर्ल्याचो
बाकी सगळां बरां आसा, पण पाण्याचां काय? एप्रिलात तुमची विहीर किती खाली जाता ता बघलास?
(बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.) आमच्या इथे मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका कांदळवन सफारी चालवतात, होडी स्वतः वल्हवतात, २०१७ पासून. त्याचं मला आवडतं ते हे की त्यात बांधकाम जवळजवळ नाहीच, होडी आणि दोन हात. वल्ह्याचा आवाज नाही म्हणून पक्षीपण उडत नाहीत. होमस्टे म्हटलं की लोक पहिल्यांदा वरती दोन खोल्या आणि टाइल्सचा विचार करतात, कर्ज काढतात, मग ते फेडायला वर्षभर गर्दी हवी. कासवं मात्र चार महिनेच. कर्ज काढू नका. आहे त्या घरात एक चांगला संडास आणि नीट शोषखड्डा एवढाच खर्च करा, आणि नवीन काही बांधायचंच झालं तर भरतीरेषेपासून ५०० मीटरचा सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतचा बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, विसरू नका, नंतर नोटीस आली की होमस्टेवाला एकटा पडतो.

मंडणगडची_काकू
वेंगुर्लेकर बरोबर बोलले. आणि दिव्यांचं राहिलं. पिल्लू उजेडाकडे धावतं, समुद्रावरचा उजेड समजून. आमच्या ओळखीच्या एका गावात किनाऱ्यावर मोठा हायमास्ट लागला, सगळ्यांना आनंद, आणि पिल्लं उलट रस्त्याकडे चालायला लागली. सीझनला तो बंद ठेवायला पंचायतीच्या किती चकरा माराव्या लागल्या त्या बिचाऱ्यांना.

लॅपटॉपवाला_मावळा
मी टेक्निकल बोलतो कारण बाकी मला येत नाही. दादा तुमच्याकडे एक जबरदस्त डेटा पडलाय आणि तुम्ही वापरत नाही आहात. कासवमित्र घरटं हलवतो तेव्हा तारीख लिहितो ना? अंडी फुटायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. म्हणजे कुठलं घरटं कुठल्या आठवड्यात उघडणार हे तुम्हाला दीड महिना आधी माहितीय! साधी शीट करा, घरटं नंबर, तारीख, अंदाजे खिडकी, म्हणजे पिल्लं निघतील ते दिवस. त्या खिडकीत मंगळवार-बुधवार जरा स्वस्त ठेवा आणि शनिवारी जास्त लावा, गर्दी पसरेल. बुकिंगला साधा गूगल फॉर्म, आकडा भरला की बंद, आणि कुठल्या घराची पाळी आहे ते शीटच ठरवेल, म्हणजे "तुझ्या आईकडेच सगळे पाहुणे जातात" हे ऐकावं लागणार नाही. मोठ्या बुकिंग साइट्सवर लगेच जाऊ नका, १५-२० टक्के कमिशन जातं आणि तिथे तुम्ही "आज नको" म्हणालात की रेटिंग पडतं.

रील तर टाकाच, पण लोकेशन बंद करून, आणि शक्यतो हंगाम संपल्यावर. बाय द वे सॅटेलाइट टॅगवाली गोष्ट पाहुण्यांना सांगा, लोक वेडे होतात. जानेवारी २०२२ मध्ये वेळासला प्रथमा नावाच्या कासवाला टॅग लावला, पश्चिम किनाऱ्यावरचं पहिलंच, मी रोज ऑफिसात मॅप उघडून ती कुठे पोचली ते बघायचो, काही महिन्यांनी सिग्नल गेला तेव्हा खरंच वाईट वाटलं. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. संध्याकाळी पडवीत प्रोजेक्टर लावून हा नकाशा दाखवलात तर रात्री वाळूत फिरायची हौस कमी होईल लोकांची.

सह्याद्रीचा_बोका
प्रोजेक्टरसाठी लाइट असायला हवी ना कोकणात 😄

खाडीपल्याडचा
हाहा, ते आहेच. सगळ्यांचे आभार, काल रात्री देवळात मीटिंग झाली, तुमचे रिप्लाय मोठ्याने वाचून दाखवले. काकूंचं त्रेचाळिसाव्या माणसाचं ऐकून आमचे खोत आजोबा म्हणाले ही बाई शहाणी आहे. पुढच्या सीझनला तीसच माणसं घ्यायची असं ठरलं, गाड्या शाळेच्या मैदानात, ५० रुपये पार्किंग, त्यातून कासवमित्राच्या जोडीला एक पोरगा आणि कचऱ्याची गाडी. चिरे टाकायला दोघांचा विरोध आहे कारण होड्या खेचायला तीच वाट, मग मध्ये काढता येणारी साखळी लावायची आणि चावी मच्छीमारांच्या वाड्यात. चुलतभावाने रील डिलीट केली, पण त्याच्या आधी दोघांनी डाउनलोड करून आपल्या नावाने टाकलीय, त्याचं काय करायचं कळत नाहीये.

एक विचारायचं राहिलं. संध्याकाळी टोपली उघडताना म्हाताऱ्या माणसांना पायाखालचं दिसत नाही, टॉर्चला लाल कागद लावला तर चालतो का की तोपण नको?

मंडणगडची_काकू
लाल चालतो, पण मंद हवा आणि जमिनीकडेच धरायचा, पिल्लांवर नाही. जिलेटिनचा कागद दोन पदरी लाव, एका पदरातून पांढरा उजेड फुटतो. आणि टॉर्च एकच, ती कासवमित्राच्या हातात.