मदत हवी आहे: उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या शेतांचा नकाशा जुन्या टिपणांवरून कसा जुळवावा?

इंदापूर तालुक्यातलं आमचं जुनं गाव उजनीच्या फुगवट्यात गेलं. आजी एकेका शेताचं नाव घेऊन सांगायची: चिंचेचं, मळईचं, विहिरीचं. ती शेतं मला कागदावर परत उभी करायची आहेत. १४ सर्व्हे नंबरांच्या टिपणांच्या (मोजणीची मापं लिहिलेल्या कच्च्या आकृत्यांच्या) नकला, आकारबंद (प्रत्येक नंबराच्या क्षेत्राची सरकारी नोंद) आणि गावनकाशा मिळाला आहे.

पहिल्यांदा साखळीतच, म्हणजे मोजणीच्या मापातच अडलो. गुंटरची साखळी ६६ फुटांची म्हणून तीच धरली, तर एका नंबराचं क्षेत्र पावणेनऊ एकर निघालं. मुंबई इलाख्याच्या मोजणीत साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६, हे नंतर कळलं. म्हणजे टिपणातलं '१२-८' हे १२.८ नाही, १२ साखळ्या ८ आणे, साडेबारा साखळ्या. पाया (शेतातून आडवी मोजलेली मुख्य रेघ) साडेबारा, तिच्यापासून कोपऱ्यापर्यंत काटकोनात मोजलेला डावा लंब सव्वासहा, उजवा पावणेआठ. लंबांची बेरीज १४, पायाशी गुणून निम्मं केलं की ८७.५ चौरस साखळ्या. आणि एक चौरस साखळी म्हणजे बरोबर एक गुंठा! २ एकर साडेसात गुंठे झाले. आकारबंदात लागवडीचे २ एकर ३ गुंठे, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) ४ गुंठे, म्हणजे मिळून २ एकर ७, जवळपास जुळलं. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

आता खरी अडचण. दोन नंबरांमधला सामाईक बांध एका टिपणात ९-३ आहे, दुसऱ्यात ८-८. जवळजवळ २३ फुटांचा फरक. एकाला एक जोडत गेलो तर नदीकडची बाजू शिवेपर्यंत पोचतच नाही. टिपणावर दिशाही नाही. बांध पाण्यात, त्यामुळे जागेवर जाऊन बघता येत नाही. कोणतं माप खरं धरू? एका नकलेत तर घडी नेमकी आकड्यावरून गेली आहे, ३ आहे की ८ तेच लागत नाही.

प्रतिसाद:
मी भूकरमापक होतो. एकाला एक जोडू नका, चूक साठत जाते. आधी गावनकाशावरून शिव आणि तीन गावं मिळतात ते कोपरे पक्के करा, मग नंबर आत बसवा. टिपणातली आकृती प्रमाणात नसते, आकडेच धरायचे. बांध वाकडा असेल तर एकाने सरळ आणि दुसऱ्याने वाकणांवरून मोजलेला असू शकतो, तेव्हा लंब किती घेतलेत ते बघा. घडीतला आकडा ३ आणि ८ दोन्ही धरून क्षेत्र काढा, जो आकारबंदाशी जुळेल तो घ्या. गावनकाशाचा कागद उभा-आडवा सारखा आटत नाही, दोन्हीकडून प्रमाण तपासा.

मूळ लेखक:
खूप आभार, दादा. ३ धरून आत्ताच बघितलं, क्षेत्र जुळतंय. शिवेचं काम आजपासून घेतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचा कळस उघडा पडतो आणि गावनकाशावरही ते देऊळ दाखवलेलं आहे. दिशा लावायला ती खूण चालेल का?

प्रतिसाद:
चालेल, पण एका खुणेवर नकाशा फिरतो. दुसरी शोधा, जितकी लांब तितकी बरी. धरणाआधीचा एक इंचाला एक मैल असा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा मिळाला तर त्यावर बघा.